यंत्र मोडलं नव्हतं

अन्याय झाला तो श्रीरामपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजवर काम करणाऱ्या एका बाईंवर. गेल्या वर्षी, दुष्काळाच्या साली, पोळ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी. ठिकाण, जिनिंगचं रिकामं गोदाम. साक्षीला आमच्या चित्रमंडळाचे चाळीसेक सभासद होते, आणि त्यांतल्या एकालाही काही दिसलं नाही. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण त्या क्षणी मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. समोर बघायची हिंमत नव्हती.

मला पत्रकं लिहायची सवय आहे. पत्रकात अन्याय कुणावर झाला ते आधी सांगायचं आणि लगेच कुणी केला ते सांगायचं, वाचणाऱ्याला ताटकळत ठेवायचं नाही. तोच नियम इथे पाळतो. अन्याय मी केला.

चित्रमंडळ काढलं ते कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या एका सरांनी. महिन्याला एक परदेशी चित्रपट. रिळांचे डबे रेल्वेच्या पार्सलने येतात आणि हातगाडीवरून गोदामात जातात. कापसाचा हंगाम सुरू होईपर्यंत गोदाम मोकळंच असतं. खेळ दुपारी तीनला, कारण संध्याकाळच्या विजेचा भरवसा नाही. खिडक्यांवर गोणपाट ठोकायचं, समोर धुतलेली चादर ताणायची. प्रोजेक्टरचा झोत सुटला की त्यात कापसाचे तंतू तरंगताना दिसतात आणि पुढच्या रांगेतलं कुणीतरी शिंकतं. चित्रपट संपला की चहा, आणि चहानंतर गुण-दोष.

गुण-दोष हा आमच्याकडचा रिवाज. प्रत्येकाने एका चिठ्ठीवर चित्रपटाचा एक गुण आणि एक दोष लिहायचा. नाव लिहायचं नाही. चिठ्ठीची घडी करून ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. मी एकेक चिठ्ठी काढून मोठ्याने वाचायची आणि सरांनी फळ्यावर दोन रकान्यांत लिहून घ्यायची. सगळ्या झाल्या की हात वर करून एक निवडायची, आणि तेव्हा कुठे लिहिणाऱ्याने उभं राहायचं. सरांचं म्हणणं, नाव दिसलं की माणसं मत ऐकत नाहीत, माणूस ऐकतात. मला हे फार पटलं होतं. मी त्यावर एकदा भाषणही ठोकलं होतं. डबा माझ्याकडे का, तर मंडळातला सर्वांत प्रामाणिक माणूस मी, असं सगळ्यांचं मत होतं. माझंही तेच होतं.

बाई मंडळात आल्या त्या उन्हाळ्यात. वय तिशीच्या आत. सकाळची पाळी संपवून सरळ गोदामात यायच्या, तिसऱ्या रांगेत उजव्या टोकाला बसायच्या, आणि चित्रपट चालू असताना मध्येच डोळे मिटून घ्यायच्या. मला वाटलं, झोपतात. शेजारच्याला मी कोपराने खुणावून दाखवलंही होतं. पहिल्याच वेळी त्यांच्या चिठ्ठीत निघालं की नायक खोटं बोलणार असतो तेव्हा बोलायच्या आधी त्याचा श्वास ऐकू येतो, खरं बोलतो तेव्हा येत नाही.

सरांचा खडू थांबला.

हे खडूचं मला नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी तीन वर्षं चिठ्ठ्या लिहीत होतो. शोषण, वर्गलढा, मध्यमवर्गाची पळवाट, सगळं लिहून झालं होतं. सर लिहून घ्यायचे, मान डोलवायचे, खडू आपला चालत राहायचा. थांबला कधीच नव्हता. आणि ही कालची आलेली बाई, डोळे मिटून बसणारी, हिच्या दोन ओळींना खडू थांबतो, सर मागे वळतात आणि म्हणतात, “हे कुणी ऐकलं?” बघितलं म्हणाले नाहीत, ऐकलं म्हणाले. तिसऱ्या रांगेतून बाई उभ्या राहिल्या. त्या दिवशी घरी जाताना मी सायकल हातात धरून चालत गेलो. चाक ठीक होतं. मलाच कुठे पोचायचं नव्हतं.

पुण्याला दिवाळीनंतर चार आठवड्यांचं एक चित्रपट-शिबिर भरतं. गेल्या वर्षी आमच्या मंडळाला तिथे पहिल्यांदाच एक जागा मिळाली. सरांनी जाहीर केलं की पोळ्यानंतरच्या रविवारी ज्याची चिठ्ठी निवडली जाईल, तो जाईल. दुसऱ्याच दिवशी बाईंनी महिन्याभराच्या रजेचा अर्ज टाकला. मला ते सरांनीच कौतुकाने सांगितलं. “सहा वर्षांत मोठी रजा घेतली नाही म्हणे त्यांनी. चित्रपटांसाठी घेतायत. बघ.” मी बघितलं. मला दिसली ती फक्त त्यांची खात्री. निवड व्हायच्या आधी अर्ज टाकते म्हणजे काय समजते स्वतःला, असं मी चहाच्या टपरीवर दोघातिघांना बोलून दाखवलं. बाईंना खात्री नव्हती. सरकारी रजा मंजूर व्हायला दोन महिने लागतात, एवढंच होतं. हे मला माहीत होतं. तरी बोललो.

त्या रविवारचा चित्रपट पूर्व युरोपातल्या एका देशाचा. भाषा कुणालाच येत नव्हती, पडद्याखाली अक्षरं नव्हती. डब्यासोबत इंग्रजीत टाइप केलेलं दोन पानांचं कथासार आलं होतं. ते मराठीत करून, स्टेन्सिलवर लोखंडी पेनाने कोरून, सायक्लोस्टाइल काढून प्रत्येकाच्या हातात द्यायचं, हे काम माझं.

त्या आठवड्यात मी मिरजगावकडे होतो. तिथे दुष्काळी कामावर माती उपसणाऱ्या बायकांना प्यायला पाणी नव्हतं. निवेदन लिहायला बसलो तर कोरा कागद संपलेला. पिशवीत कथासाराची दोन पानं होती, दुसऱ्या पानाची पाठ कोरी. त्यावर निवेदन लिहिलं, अंगठे घेतले आणि कामावरच्या कारकुनाच्या हाती देऊन आलो. शनिवारी श्रीरामपूरला स्टेन्सिल पुढ्यात घेतलं तेव्हा लक्षात आलं की चित्रपटाचा शेवट आता सरकारी फायलीत आहे, पिण्याच्या पाण्याच्या मागणीच्या पाठीमागे.

सरांना सांगायला हवं होतं. एवढंच सांगायचं होतं की दुसरं पान गेलं, शेवट आपापला बघा. पण जागेची निवड दुसऱ्या दिवशी होती, आणि असला गलथानपणा कबूल करून मला चिठ्ठी टाकायची नव्हती. शिवाय पहिलं पान वाचून शेवट मला कळलाय असं मला मनापासून वाटलं.

पहिल्या पानावरची गोष्ट अशी. पुढच्या काळातलं एक शहर. एका डॉक्टरने यंत्र बनवलंय. त्याच्या खुर्चीत माणसाला बसवलं की त्याच्या आठवणी डॉक्टरला छोट्या काचेवर दिसतात. डॉक्टरची बायको एका अपघातानंतर बोलायची थांबली आहे. का, ते शोधायला तो तिला खुर्चीत बसवतो. तिच्या आठवणींत त्याला एक परका माणूस दिसतो, कायम पाठमोरा. मग तो तिला रोज खुर्चीत बसवू लागतो. आणि यंत्राचा गुणधर्म असा की बघितलेली आठवण थोडी पुसट होते.

पान संपलं. पुढचं मी लिहिलं: ‘शेवटी पत्नी उठते आणि ते यंत्र फोडून टाकते. माणसाच्या मनावरची मालकी संपते.’ लिहून झाल्यावर मी ते एकदा मोठ्याने वाचलं. छान वाटलं.

आता चित्रपटाबद्दल. गेले वर्षभर तो माझ्या डोक्यात आहे, त्यामुळे मला बोलायचा हक्क असेल नसेल, बोलतो.

तो चांगला आहे. यंत्र साधं आहे, शिवणयंत्रासारखं घरात मुरलेलं. लुकलुकणारे दिवे नाहीत, रॉकेट नाही. संगीत जवळजवळ नाही. यंत्र चालू असलं की एक बारीक घूं असते आणि तेवढ्यावर दोन तास निघतात. बायकोचं काम करणारी नटी काही करत नाही, आणि तिच्यावरून नजर हलत नाही. आठवणी पुसट होतात त्याही धूर-बिर सोडून नाही. आधी भिंतीवरचं चित्र जातं, मग टेबलावरची ताटली, मग समोरच्याचा हात. डॉक्टरचं वागणं तर इतकं खरं की मला बसल्या जागी घाम आला. त्याला परका माणूस सापडायला नको असतो. सापडला तर शोध संपेल. त्याला शोधत राहायचं असतं.

दोषही आहेत. मधला अर्धा तास लांबण आहे, डॉक्टर एका बोळातून चालतो आणि चालतच राहतो. त्याचा मदतनीस हात हलवत लांबलचक काहीतरी समजावतो. भाषा कळत नसतानाही कळतं की हे प्रेक्षकांसाठी चाललंय. आणि कॅमेरा सतत डॉक्टरच्या खांद्यामागे आहे. तिच्या बाजूने खोली कशी दिसते, ते एकदाही नाही. हा शेवटचा दोष मी काढलेला नाही. कुणी काढला ते येतंच.

शेवट असा होता. काच पांढरी पडते, तिच्यात बघण्यासारखं काही उरलेलं नाही. डॉक्टर दिवा मालवतो. चादर पूर्ण काळी. त्या काळोखात काच फुटल्याचा मोठा आवाज होतो. मग थोडा वेळ काळोखच, आणि चित्रपट संपतो.

गोदामात टाळ्या पडल्या. सगळ्यांच्या हातात माझा कागद होता आणि कागदावर लिहिलं होतं की यंत्र फुटतं. चहाला उभे असताना एकजण मला म्हणाला की तिने दोन्ही हातांनी उचलून आपटलं ते फार चांगलं घेतलंय. दुसऱ्याने सांगितलं, दोन हातांनी नव्हे, स्टुलाने. त्यांची थट्टा करायचा मला अधिकार नाही. त्या क्षणी मलाही तिच्या हातात काहीतरी दिसल्यासारखं वाटत होतं, आणि ते वाक्य तर मी स्वतः कोरलं होतं.

डबा फिरला. मी वाचायला उभा राहिलो. बाजार समितीतल्या एका मापाड्याच्या चिठ्ठीत होतं, ‘गुण : आभाळातले तारे लई झकास, हळूहळू सरकतात.’ चित्रपटात आभाळच नव्हतं. गोदामाच्या पत्र्याला खिळ्यांची भोकं आहेत, त्यांतून उन्हाचे ठिपके चादरीवर पडतात आणि सूर्य कलला की सरकतात. सगळे हसले. मापाडी उठून म्हणाला, “हसू नका. मला दिसलं ते मी लिव्हलं. तुमी कागद वाचून लिव्हलं.” तेव्हा तो विनोद वाटला.

बहुतेक चिठ्ठ्यांत माझाच शेवट परत आला होता. माझी स्वतःची चिठ्ठीही मी वाचली, आवाज थोडा चढवून. गुण, पिचलेली स्त्री शेवटी हत्यार उचलते. दोष, कष्टकरी कुठेच नाहीत. दोनचार जणांनी वा म्हटलं. खडू चालत राहिला.

डब्यात तळाला एक चिठ्ठी उरली. ट्रंक कॉल नोंदवायच्या कोऱ्या तिकिटाच्या पाठीवर शिसपेन्सिलीने लिहिलेली. असलं तिकीट मंडळात एकाच व्यक्तीकडे असू शकत होतं. मी ती मनात वाचली. ती मला पाठ आहे:

‘गुण : काच फुटल्यावर घूं थांबत नाही. एकदा खाली जाते आणि परत वर येते. म्हणजे काहीतरी हातातून पडून फुटलं, पण यंत्र मोडलेलं नाही. त्याने ते पुन्हा चालू केलंय. आता बघायला काही नाही तरी. दोष : दिवसभर दुसऱ्यांचं ऐकणाऱ्याचा कान दुखतो, याचा एकदाही दुखत नाही. आणि तिच्या बाजूने खोली एकदाही दिसत नाही, तिला कुणी काही विचारलंच नाही.’

वाचता वाचता मला ती घूं आठवली. खरंच थांबली नव्हती. मीही ती ऐकली होती. टाळ्या पडल्या तेव्हाही ती चालू होती. माझ्या मनात जे आलं ते जसंच्या तसं लिहितो. ‘हे खरं आहे’ असं नाही आलं. ‘आता खडू थांबणार’ असं आलं.

घड्याळात सहा वीस झाले होते. मी तिकीट तळहातात मुडपलं आणि खिशातल्या पत्रकांच्या गठ्ठ्यात सरकवलं.

“झाल्या का?” सरांनी विचारलं.

“झाल्या.”

तिसऱ्या रांगेतून बाई म्हणाल्या, “एक राहिली असेल बघा.”

मी डबा उलटा केला. सगळ्यांसमोर, सभेत हात वर करतो तसा उंच धरून, आणि बुडाला दोनदा टिचकी मारली. पत्रा वाजला. “रिकामा आहे, बाई,” मी म्हणालो. कुणीतरी हसलं. त्या हसण्याने मला बरं वाटलं, हे सांगितलं नाही तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

हात वर झाले. माझी चिठ्ठी निवडली गेली. मी उभा राहिलो.

पंधरा दिवसांनी मिरजगावला गेलो. पाण्याची मागणी मंजूर झाली होती. कामावरच्या कारकुनाने निवेदन शेरा मारून परत दिलं आणि म्हणाला, “टँकर येतूय सोमवारपासनं. पर मागं विंग्रजीत काय लिव्हलंय हो? सायबानं इचारलं, ही बी मागनीच हाय का म्हणून.”

मी नाही म्हणालो. एसटीच्या थांब्यावर उभ्याउभ्या ते पान वाचलं. बायकोच्या हातून पाण्याचा पेला पडून फुटतो. डॉक्टर काळोखात यंत्र पुन्हा सुरू करतो. शेवटपर्यंत फक्त यंत्राचा आवाज राहतो. पेला सोडला तर बाईंनी पेन्सिलीने लिहिलं होतं त्याहून एक अक्षर जास्त नाही. फरक इतकाच की हे लिहिणाऱ्याला गोष्ट माहीत होती, आणि बाईंनी माझा खोटा कागद हातात असताना ऐकून ओळखली होती. पानाच्या दुसऱ्या बाजूला अंगठे होते. त्या बायकांनी मी वाचून दाखवलं त्यावर विश्वास ठेवला होता. गोदामातल्यांनीही तेच केलं होतं.

त्या थांब्यावर मी ठरवलं की जागा बाईंना द्यायची. खरोखर ठरवलं. शिबिराच्या कचेरीला नाव पक्कं कळवायचं राहिलंच होतं. श्रीरामपूरला उतरून सरळ एक्स्चेंजवर गेलो, पुण्याचा ट्रंक कॉल नोंदवला आणि बूथमध्ये बसलो. बाईंची पाळी त्या दिवशी दुपारची होती, हे मला माहीत नव्हतं. तासाभराने घंटी वाजली, रिसीव्हर उचलला तर कानात त्यांचा आवाज.

“पुणे आलंय. बोला.”

पलीकडच्या गृहस्थाने विचारलं, तुमच्या मंडळाकडून कोण येणार, नाव सांगा. मी तोंड उघडलं. लाईनवर ती बारीक घूं होती. मला वाटलं, या ऐकतायत. मी आता त्यांचं नाव घेतलं तर यांना मिळालं ते माझ्याकडून मिळालं हे यांना कळेल. आणि कळलं तरी त्या आभार मानणार नाहीत, नुसत्या पुण्याला जातील आणि तिथेही कुणाचातरी खडू थांबवतील. हे सगळं एका श्वासात मनात आलं. तो श्वास लाईनवर ऐकूही गेला असेल.

“मीच येतोय,” मी म्हणालो, आणि नाव सांगितलं. मग गाडी किती वाजता पोचते, अंथरूण आणायचं का, असलं काहीबाही विचारत राहिलो.

“तीन मिनिटं झाली. वाढवायचं?”

“नको.”

बाहेर आलो तर त्या आतल्या खोलीच्या छोट्या खिडकीत तिकीट पुरं करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आवाज तुटला नाही ना मध्ये?”

“नाही. तुम्ही ऐकलं असेलच.”

“आम्ही ऐकायचं नसतं. लाईन चालू आहे ना, तेवढंच बघायचं असतं.” मग पेन्सिल ठेवून त्यांनी अगदी सहज विचारलं, मिरजगावच्या पाण्याचं काय झालं.

इथे माझी खोड आडवी आली. मला स्वतःची कामगिरी सांगायला आवडते. टँकर येणार ते सांगितलं, आणि त्याच झोकात सांगून गेलो की आपल्या चित्रपटाचं हरवलेलं पान पण मीच शोधून आणलंय. “शेवट अगदी तुम्ही लिहिला होता तसाच आहे बरं का. यंत्र चालूच राहतं.”

बोललो आणि थांबलो. त्यांनी मान वर केली.

“म्हणजे डब्यात होती,” बाई म्हणाल्या.

मी फोनचे पैसे खिडकीत ठेवले.

“मी समजत होते टाकताना बाहेर पडली. सगळे गेल्यावर खाली बसून शोधली मी. सरकीत हात घालून.”

त्यांच्या मागे बोर्डावर एक झाकण पडलं, कुणीतरी गावातून नंबर मागत होतं. त्या वळल्या, कानाला लावायचं यंत्र डोक्यावर चढवलं आणि त्याच आवाजात म्हणाल्या, “नंबर प्लीज.”

मी पुण्याला गेलो. चार आठवडे राहिलो. शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाने एका चित्रपटावर निबंध वाचायचा होता. मी याच चित्रपटावर वाचला, आणि त्यात काच, पेला, न थांबणारी घूं, दुखणारा कान, न विचारलेली बाई, सगळं घातलं. शिकवणाऱ्यांनी वही खाली ठेवली आणि विचारलं, “हा कान कुठे तयार झाला?” मी म्हणालो, सवयीने. तीन वर्षं ज्याची वाट बघितली ते अखेर घडलं होतं, माझ्यासमोर कुणीतरी लिहायचं थांबलं होतं. आणि मला हेवा वाटला. बाईंचाच. त्या तिथे नव्हत्या, चित्रपट पुन्हा कधी बघणार नव्हत्या, तरी समोरचा माणूस थांबला तो त्यांच्यासाठी.

बाई अजून मंडळात येतात. तिसरी रांग, उजवं टोक. माझ्या हातातल्या डब्यात चिठ्ठी टाकतात आणि जागेवर जाऊन बसतात. त्यांनी कुणालाही काही सांगितलं नाही, सरांनाही नाही. मला सगळ्यांत असह्य होतं ते हे. सांगितलं असतं तर मी उलट पत्रक काढलं असतं, मला ते येतं.

ही हकीकत वाचून कुणी म्हणेल, पोरगा सुधारला. म्हणून मागच्याच महिन्याचं सांगतो. बाईंची चिठ्ठी माझ्या हाती आली. लपवली नाही. पण वाचली कशी, तर घाईत, शब्द गिळत, मध्येच खोकत, पुढच्या चिठ्ठीची घडी उलगडता उलगडता. ठरवून केलं नाही. झालं. तरी सर म्हणाले, “परत वाच,” आणि खडू थांबला. पश्चात्ताप आहे, तो खोटा नाही. पण त्याने हेवा जात नाही. दोन्ही एकाच वेळी असतात, आणि डबा हातात आला की कोण वर येईल ते मला सांगता येत नाही.

मंडळाच्या सभासदांनो, पुण्याहून पत्र आलंय. यंदाही एकच जागा आहे, यंदाही चिठ्ठ्यांवरच ठरणार आहे, आणि सरांनी परवा मला सांगितलं की डबा घासूनपुसून ठेव. बाईंनी यंदा रजेचा अर्ज टाकलेला नाही. रविवारी मी नेहमीसारखा पुढे येईन, डबा उचलेन, आणि तुम्हाला पुन्हा वाटेल की हा प्रामाणिक आहे.

उठा. डबा माझ्या हातातून काढून घ्या आणि तिसऱ्या रांगेत उजव्या टोकाला नेऊन द्या. मी सोडत नसलो तर हिसकावून घ्या.